काळ्या टिकलीचं विष

“टिकली नव्हतीच, ताई. मग तुम्ही मेलात कशाला?”

शरयूताई फणसाच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. गळ्यात पांढरं उपरणं. या खेळात ज्याच्या गळ्यात पांढरं उपरणं, तो मेलेला... समोर दिसला तरी दिसला म्हणायचं नाही.

“मेलेल्याशी बोलतोयस,” रताळं सोलत त्या म्हणाल्या. “बस. मेल्यावर भूक फार लागते.”

कपिल बसला नाही.

दर हिवाळ्यात सावंतवाडीजवळच्या त्या काजूच्या बागेत पन्नासेक मोठी माणसं जमायची. कुणी बँकेतलं, कुणी दवाखान्यातलं. आल्याआल्या आपली नावं बाजूला ठेवायची आणि दोन दिवस एका कल्पित राज्यात सरदार, हेर, जोगी होऊन जगायचं. लिहिलेले संवाद नाहीत, प्रेक्षक नाहीत. तलवारी स्पंजच्या, औषधं सरबताची. कोकम प्यायलं की जखम भरायची. आवळा प्यायला की खरं बोलावं लागायचं.

आणि विष?

विषाला चव नव्हती. तेही सरबतच. फक्त त्या पेल्याच्या बुडाला बाहेरून काळी टिकली चिकटवलेली असायची. पिणाऱ्याने पेला रिकामा करायचा, उलटा करून बघायचा, आणि टिकली दिसली तर हळूहळू मरायचं. पंच नाही, साक्षीदार नाही. सांगितलेल्या सरबताखेरीज काहीही कुणाच्या पोटात घालायचं नाही. ज्याने घातलं, त्याला पुन्हा बागेत पाऊल टाकता येत नसे.

हे नियम शरयूताईंनी घालून दिलेले. कपिल कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचा. त्याला ते पोरकट वाटायचे.

“टिकली नखाने खरवडून टाकली तर?” गेल्या वर्षी त्याने विचारलं होतं. “माणूस सरळ खोटं बोलला तर? मी तुम्हाला नीट नियम लिहून देतो. मात्रा, लक्षणं, उतारा... प्रत्येक पेल्यापाशी पंच.”

“दे की,” ताई म्हणाल्या होत्या. “पण आधी एकदा कुणाला तरी विष देऊन बघ.”

म्हणून यंदा तो शत्रूच्या गोटातला वैद्य झाला होता. आणि राणी होत्या शरयूताई.

आज दुपारी तहाची मेजवानी होती. कपिलने टिकली लावली, पेला तबकात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत राणीपुढे नेला. तिने तो घेतला. प्यायली. उलटा करून बघितला.

मग एकदाच कपिलकडे बघितलं.

पेला खाली ठेवून ती तहाच्या अटी सांगत राहिली. नदीचं पाणी कुणी घ्यायचं, गुरं कुठे चारायची... बोलता बोलता एक शब्द तिला आठवेना. ती हसली. पुन्हा शोधला. मिळाला नाही. ओठ कोरडे पडले, तसा तिने शत्रूच्या सरदाराला जवळ बोलावलं. तो सरदार एरवी बँकेत अधिकारी, आवाज बागेच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. राणीने त्याचा हात धरून आपल्या मुलीच्या डोक्यावर ठेवला.

“हिला मारू नका,” ती म्हणाली. “हिला राज्य नकोच आहे. हिला कलमं लावायचीत.”

आणि मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली.

मुलगी झालेली मृण्मयी पहिल्यांदाच खेळायला आली होती. ती हुंदके देऊन रडली. सरदार जिंकला होता, पण त्याने डोक्यावरचं पागोटं उतरवलं. कुणी जयजयकार केला नाही. इतकं साधं आणि इतकं पुरतं मरण कपिलने याआधी पाहिलं नव्हतं.

नंतर तबक विसळायला घेतलं, तेव्हा त्याला ती दिसली. गार पेल्याला पाणी सुटलं होतं. त्या ओलीने टिकली केव्हाच निसटून तबकाला चिकटली होती.

तीच टिकली बोटावर घेऊन तो आता ताईंसमोर उभा होता.

“नियमाप्रमाणे तुम्ही जिवंत होतात.”

“होते.”

“कुणाला कळलंही नसतं.”

“नसतं.”

“इतकी वर्षं सांभाळलेलं राज्य गेलं तुमचं.”

“गेलं खरं.”

ताईंनी रताळ्याचा अर्धा तुकडा त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही.

“मी सगळ्यांना सांगतो, ताई. चूक माझी आहे. राज्य परत तुमच्याकडे यायला हवं.”

“आणि मृण्मयीला काय सांगशील? तुझी आई मेली नाही, उगीच रडलीस?”

कपिलने मान वळवून पाहिलं. झाडांपलीकडे, तळ्याच्या बाजूला, मृण्मयी अजून बसलेली दिसत होती. सरदार तिच्याशेजारी मातीत उकिडवा बसून, खाली वाकून, तिच्याशी काहीतरी हळू बोलत होता.

ताईंनी हात पुढे केला. कपिलच्या बोटावरची टिकली उचलली आणि स्वतःच्या कपाळाला लावली.

तो त्यांच्याशेजारी पालापाचोळ्यात बसला, आणि रताळ्याचा तो तुकडा घेतला.

“पेला उलटा केलात,” त्याने हळूच विचारलं, “बुडाला काहीच नव्हतं... मग तुम्हाला कळलं कसं?”

“तुझा हात थरथरत होता.”

“नियमात काय लिहू, ताई? टिकली पडली तर काय करायचं?”

ताईंनी उपरणं सारखं केलं.

“टिकलीचं राहू दे,” त्या म्हणाल्या. “एवढंच लिही... विष देणाऱ्याचा हात थरथरायला हवा.”