कोठारातली घट

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात न्याय शिकवणारी शाळा होती. तिथल्या शिष्यांना हजार कलमं तोंडपाठ, पण हातात तागडी दिली की सगळे नाक मुरडायचे. म्हातारे गुरुजी सांगत, "बाबांनो, महिनाभर कोठारात बसा, बाजारात बसा. माल येतो कसा, घटतो कसा, डोळ्यांनी बघा."

सगळ्यांत हुशार शिष्य हसला. "गुरुजी, आम्हाला न्याय करायचाय, दुकान नाही मांडायचं."

आणि नेमका तोच पुढे न्यायाधीश झाला!

एकदा त्याच्यासमोर राजाच्या कोठाराचा रखवालदार उभा केला गेला. सुगीत शंभर मण धान्य आत गेलं होतं, उन्हाळ्यात पंचाण्णवच भरलं.

"सरकार, दाणे ओले होते. वाळले की वजन घटतंच," तो हात जोडून म्हणाला.

"कुठल्या कलमात लिहिलंय? शंभरातून पंचाण्णव गेले, पाच उरले. ते तू चोरलेस."

झालं. संध्याकाळी त्या गरिबाला सुळावर चढवलं. सांगतानाही माझ्या जिवाचा संताप होतो.

पुढच्या सुगीला, पुन्हा चोरी नको म्हणून, न्यायाधीशाने शंभर मण धान्य स्वतः तोलून घेतलं, कुलूप लावलं, एकुलती एक किल्ली गळ्यात घातली. मग रोज ऐन दुपारी बंद दारामागून आवाज येऊ लागला. "लाभ... दोन... तीन..." पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं, ही कोठारातली रीत. कुणीतरी संथपणे मोजत होतं. मोजणी आधी नव्याण्णववर थांबे, काही दिवसांनी अठ्ठ्याण्णववर. उन्हाळ्यात ती पंचाण्णववर येऊन थांबली.

न्यायाधीशाने गळ्यातली किल्ली काढून दार उघडलं. आत चिटपाखरूही नव्हतं. दाणे वाळून खडखडीत झाले होते. त्याने तोलून पाहिलं. पंचाण्णव मण!

तो तसाच रखवालदाराच्या घरी धावला. त्याची बायको उंबऱ्यावर बसली होती.

"बाई, चोरी झालीच नव्हती," तो रडत म्हणाला. "धान्य नुसतं वाळलं होतं."

तिने मान वर केली. "पाच मणांसाठी माझा माणूस नेलात, सरकार. आता पाच मणांचा पत्ता लागला ना? मग माणूस आणून द्या."

न्यायाधीशाने त्याच दिवशी पद सोडलं, पण त्या घरात परत कुणी आलं नाही.

तात्पर्य: ज्याला व्यवहार कळत नाही, त्याच्या हातून कायदा पाळूनही अन्यायच होतो.