जानाईच्या जत्रेतली पहिली गवळण

टेकडीच्या पायथ्याचा हा दगडी चौथरा जानाई देवीचा. चैत्रातल्या जत्रेत तमाशाचा फड यावरच उभा राहतो. इथली रीत पाहून बाहेरचे लोक बुचकळ्यात पडतात. ही रीत पडली गोजराबाईमुळे, असे सांगतात.

गोजराबाई फडातच वाढली. आईनं, म्हणजे हिराबाईनं, तिला शे-दीडशे गाणी तोंडपाठ करून दिली होती. पुढं कोल्हापूरहून सिनेमावाले आले, म्हणे, आणि त्यांनी तिच्याकडून एक गाणं गाऊन घेतलं, ‘पैंजण अडलं उंबऱ्यात’. सिनेमा आठवड्यात उतरला. गाणं मात्र लग्नाच्या बँडवर, हॉटेलातल्या तबकडीवर, पोरांच्या तोंडी जाऊन बसलं.

पहिलं वर्ष गोजरा हरखून गेली. मग तिच्या ध्यानात आलं, की लोक दुसरं काही ऐकतच नाहीत. गवळण सुरू केली की शिट्ट्या. लावणी धरली की आरोळी, “पैंजण होऊ द्या!” एका बारीत सात-सात वेळा तेच. झोपेतही तिचे ओठ त्याच चालीवर हलत. आईची गाणी एकेक करून पुसली जात होती, आणि ती पुसली जाताहेत हे तिला समोर दिसत होतं.

हिराबाई अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, “गोजरे, जानाईच्या जत्रेत म्हणायचे ती गवळण म्हण की गं एकदा.”

गोजरानं तोंड उघडलं. सूर निघाला तो पैंजणाचा. पुन्हा धरला, पुन्हा तोच. हिराबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. चार दिवसांनी ती गेली.

त्या चैत्रात फड इथं आला. गोजरानं देवीपुढं पदर पसरला. “आईची गवळण दे, नाहीतर माझा गळा घे. पैंजण मी आता म्हणायची नाही.” आणि ती चौथऱ्यावर येऊन मुकी उभी राहिली. लोक ओरडले, खडे आले, कपाळ फुटलं. फडमालक हात जोडून म्हणाला, “बाई, एकदाच म्हणा, सुटू आपण.” ती हलली नाही.

तेव्हा बायकांतून चिमाबाई कुंभारीण उठली. तिनं गोजराचं देवीपुढचं मागणं ऐकलं होतं, आणि हिराबाईला तर या जत्रेत वीस वर्षं ऐकलं होतं. भसाड्या, थरथरत्या आवाजात तिनं तीच गवळण धरली. लोक हसले, मग गप्प झाले. गोजरा चौथऱ्यावरून उतरली आणि म्हातारीच्या पायाशी बसून एकेक ओळ उचलू लागली. शेवटचं कडवं दोघींनी मिळून म्हटलं, म्हणे.

आजही फडाची गायिका आधी खाली बसते आणि गावातली एखादी बाई चौथऱ्यावर चढून पहिली गवळण म्हणते. यंदा तो मान आमच्या सूनबाईचा. तिला सूर नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तरी हसायचं नाही. थांबा, ऐकून जा.