रेंगाळणारा झुला

एकदा एका सर्कशीत झुल्यावरच्या कसरती शिकवणारे एक वृद्ध उस्ताद होते. त्यांची शिष्या मंजुळा उंच मचाणावरून झेप घेई आणि समोरून झुल्यावर उलटा लटकत येणारा भिवा तिचे हात धरी. पण त्या आठवड्यात तीनदा तिची झेप चुकली आणि ती खालच्या जाळीत पडली. मालकांनी बजावले, "आज पडलीस, तर तुझा खेळ बंद."

मंजुळा रडवेली होऊन उस्तादांकडे आली. "मी डोळ्यांत तेल घालून बघते, उस्ताद. पण भिवादादांचा झुला आधी रेंगाळतो आणि मग मला न घेताच मागे फिरतो."

उस्तादांनी तंबूच्या आडव्या बांबूला वाळूची पिशवी टांगली आणि मंजुळेला समोर उभे केले. "हिच्यावरून नजर हटवू नकोस. आली की झेल."

उस्तादांनी मागे ओढून सोडलेली पिशवी झुलत आली. मंजुळेचे हात मिटण्याआधीच ती छातीवर आदळली.

"आता तिच्याकडे बघू नकोस. पिशवीच्या मागच्या खांबावर नजर ठेव."

या वेळी पिशवी तळहातांत अलगद सापडली.

"या खेपेला जोरात सोडलीत ना? मला तिचा वेग दिसला!"

"दोन्ही वेळा एकाच खुणेपासून, न ढकलता सोडली," उस्ताद म्हणाले. "पोरी, जवळ येणाऱ्या वस्तूमागे नजर गेली, की दोन्ही डोळे तिच्यासोबत नाकाकडे वळत येतात. मग डोळ्यांपुरती ती जागच्या जागीच राहते. डोळ्यांचे हे वळणे आपल्याला पुरते उमगत नाही, म्हणून ती संथ भासते. नजर स्थिर कर, तिची गती आपोआप कळेल."

संध्याकाळच्या खेळात मंजुळेने पलीकडच्या खांबावर दृष्टी ठेवली. भिवा वाऱ्यासारखा येताना दिसला. तिने झेप घेतली आणि तिची मनगटे त्याच्या मुठींत घट्ट बसली. तंबू टाळ्यांनी दणाणला.

खाली उतरताच ती उस्तादांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला अडवले आणि भिवाकडे बोट दाखवले.

मंजुळा त्याच्यापुढे उभी राहिली. "दादा, तुम्ही रोज वेळेवर येत होता. मीच तुम्हाला बोल लावला."

"अगं, रोज रिकाम्या हातांनी परत फिरताना माझ्याच काळजात धस्स व्हायचं," भिवा हसून म्हणाला. "आज जीव भांड्यात पडला."

तिने त्याचे दोन्ही हात उचलून आपल्या कपाळाला लावले.

आपल्यासाठी वेळेवर धावून आलेली कितीतरी माणसे आपल्याला संथ वाटली असतील. त्यांचे आभार मानायला आजचा दिवस चांगला आहे.