आत्याचं ठिगळ

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या वाटा आता रानाने गिळल्या आहेत.

एका डोंगराच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचं गाव होतं. उन्हाळा लागला की माणसं मधाची पोळी शोधत रानात जात. जमिनीवर साप-विंचू, म्हणून दोन झाडांच्या मध्ये झोळी बांधून झोपत. दिवसभर अंग भाजे. पण पहाटे झोळीखालून वारा सुटला की पाठ गारठे. त्यासाठी प्रत्येकाजवळ गोधडी असे.

गावाची एक रीत होती. पहिल्यांदा रानात निघणाऱ्याच्या गोधडीत प्रत्येक नातलगाने जुन्या लुगड्याचा एक थर घालायचा. थर नाकारला, तर नातं नाकारलं. कित्येक गडी ती जाडजूड गोधडी पहिल्याच ओढ्याशी टाकून देत, पहाटे कुडकुडत, आणि घरी येऊन ‘वाहून गेली’ म्हणून सांगत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणीच नव्हतं.

त्या वर्षी एका बाईची लेक पहिल्यांदा निघाली होती. लहानपणापासून तिला हेच हवं होतं. आईने दोन मऊ लुगड्यांची हलकी गोधडी शिवली.

आत्या आपलं जाड लुगडं घेऊन आली. “एवढीशी? हे काय बाळाचं दुपटं आहे?”

मग मामी आली, काकू आली. आईलाही लेकीची काळजी होतीच. ती थरावर थर शिवत गेली. गोधडीची गादी झाली.

निघायच्या आदल्या दिवशी, रानात जाणाऱ्या टोळीच्या म्होरक्याने पारख म्हणून लेकीला ओझ्यासकट गावालगतचा कडा चढायला सांगितलं. ती मध्येच अडकली. मोठ्या कष्टाने तिला खाली उतरवलं.

म्होरक्या म्हणाला, “हिला नेता येणार नाही. पोर चांगली चढते. तिच्या पाठीवर बसलेले नातलग चढत नाहीत.”

लेक घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आईने सगळे टाके उसवले. प्रत्येक थरातून एकच तुकडा कापला, तुकडे जोडून वरचा थर केला, खाली आपलं विरलेलं लुगडं लावलं आणि चारी कोपऱ्यांना नाड्या शिवल्या.

आत्या भडकली. “माझ्या अख्ख्या लुगड्याचं ठिगळ केलंस? पोर गारठली म्हणजे?”

“वन्सं, आज तुम्हीच झोपून बघा.”

आईने अंगणात झोळी बांधली. गोधडी आत अंथरली नाही. झोळीच्या खाली सैलसर टांगली. म्हणाली, “अंगाखाली चेपली की जाडही गार पडते. सुटी राहिली की हलकीही ऊब धरते.”

पहाटे वारा सुटला. आता आत्या ओरडणार, म्हणून सगळे कान देऊन बसले. आत्या घोरत होती. तोंडावर ऊन आलं तेव्हा उठली आणि कोणाकडे न बघता म्हणाली, “माझं ठिगळ मधोमध आहे, म्हणून निभावलं.”

आईचा जीव भांड्यात पडला. लेक गोधडी पाठीला बांधून कडा सरसर चढली. वर पोचून तिने हात हलवला, तेव्हा म्होरक्याही हसला.

ती मध घेऊन परतली. गोधडीही परत आली. तेव्हापासून त्या गावात कोणी थर देत नाही, ठिगळ देतात.

लहानथोरांनो, माया अशी द्यावी, जी पाठीवर घेऊन माणसाला चढता येईल.