चार ससे आणि एक खोका

मुलांनो, सशांबद्दल या पंचक्रोशीत माझ्याएवढं कोणालाच ठाऊक नाही. आता ससा मी आयुष्यात एकदाच हातात धरला आणि त्याने माझा अंगठा फोडला, ती गोष्ट वेगळी. चौथीच्या पुस्तकात ससा जेवढा होता तेवढा मला तोंडपाठ आहे. पाचवी माझ्या वाट्याला आली नाही. शंका वाटली तर या बाकड्याच्या टोकाला शेंगा सोलत बसलेल्या सगुणाआजीकडे बघा. लग्न झाल्यापासून ती माझ्या थापा ऐकत आली आहे. तिने मान हलवली, की समजा आजोबा वाहवत चालले. अजून तरी मान स्थिर आहे. तर सांगतो.

एका जंगलाच्या कडेला एका माणसाची पडवी होती आणि त्या पडवीत चार जातींचे चार ससे राहत असत. पहिला राखाडी, इतका लांब, की पसरला म्हणजे कोणी पोतं आडवं टाकलंय असं वाटे. दुसरा लोंबकान्या. त्याचे कान दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकत आणि चालताना आपल्याच कानावर पाय पडून तो अडखळे. तिसरा लोकरीचा, पांढरा. त्याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे त्याचं त्यालाच सांगावं लागे. चौथी बुटकी. ती ओंजळीत मावे. वाढ पुरी झाली तरी येणारा-जाणारा तिला पिल्लूच समजे, आणि खरं म्हणजे तिलाच आता पिल्लं होणार होती.

पडवीची जंगलाकडची बाजू उघडी होती. आतल्या भिंतीच्या आडोशाला एक लाकडी खोका होता, त्यात सुकं गवत. थंडी वाढली तसा तो खोका कोणी घ्यायचा, हा प्रश्न आला.

"मला द्या," बुटकी म्हणाली. "माझे दिवस भरत आलेत. आपली पिल्लं उघडी जन्मतात, अंगावर केस नसतो. या वाऱ्यात टिकायची नाहीत."

"रीतीने चालू, बाई," लोकरीवाला म्हणाला. "मोठ्याला खोका, लहानाला कोपरा. लहान अंगाला थंडीही लहानच लागते."

"थंडी माझं माप काढून येत नाही, दादा," बुटकी म्हणाली. पण रीत ठरून गेली होती.

मग मोजणी सुरू झाली. राखाडी म्हणाला, नाकापासून शेपटीपर्यंत मोजा. लोंबकान्या म्हणाला, छे, या कानाच्या टोकापासून त्या कानाच्या टोकापर्यंत. लोकरीवाला म्हणाला, घेर मोजा. ज्याच्याकडे जे जास्त, त्याचं माप ते. तुम्ही हसू नका. शाळेत उंची मोजताना टाचा कोण उचलतं, ते मला चांगलं माहीत आहे. शेवटी राखाडीचा लांबपणा सगळ्यांनी मान्य केला आणि तो खोक्यात शिरायला गेला. डोकं आत गेलं, पुढचे पाय आत गेले, बाकीचा ससा बाहेरच राहिला. तो मुकाट्याने मागे सरकला. मग घेरात पहिला म्हणून लोकरीवाला आत गेला आणि खोक्याचं तोंड भरून बसला. बुटकीला तर कोणी मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक कात्री घेऊन आला. या जातीची लोकर वेळच्या वेळी कापावी लागते, आणि याची वेळ आली होती. पाठीवरची गेली, पोटावरची गेली, मानेवरची गेली. लोकर पिशवीत गेली आणि ससा उरला. किती उरला? धुऊन, पिळून दोरीवर टाकलेल्या मोज्याएवढा. तो लटपटत खोक्याकडे आला, तर दारात लोंबकान्या आधीच बसलेला.

"रीतीने चालू, दादा," लोंबकान्या म्हणाला. "मोठ्याला खोका."

लोकरीवाला दारातूनच मागे फिरला. रीत त्याचीच होती.

सूर्य मावळतीला टेकला तसा जंगलाकडून वारा सुटला. उघड्या अंगाने लोकरीवाला आडोसा शोधत पडवीभर फिरला. राखाडी पाठ फिरवून झोपला होता. पार कोपऱ्यात केसांचा एक ढीग दिसला आणि तो ढीग हलत होता. बुटकीने आपल्या पोटाचे केस दातांनी उपटून पिल्लांभोवती रचले होते. तिचं पोट लालसर, उघडं पडलं होतं. आत बोटाच्या पेराएवढी तीन पिल्लं चुळबुळत होती. चौथं कडेला होतं. ते हलत नव्हतं.

लोकरीवाला त्या चौथ्याकडे बघत राहिला.

"हे कधी झालं?"

"दुपारी. केस पुरे उपटून व्हायच्या आत ते आलं."

"खोक्यात असतं तर..."

बुटकीने ते पिल्लू केसांनी झाकलं.

"मी जातो," लोकरीवाला म्हणाला. "तुझ्याकडे जागा कोणत्या तोंडाने मागू?"

"मागू नकोस. इकडे ये आणि वाऱ्याच्या बाजूने आडवा हो."

"माझ्या अंगावर आता काही राहिलं नाही. माझा काय उपयोग?"

"लोकर होती तेव्हा तुझी ऊब तुझ्यापाशीच राहायची," बुटकी म्हणाली. "आता यांना लागेल."

तो आडवा झाला. पिल्लं त्याच्या उघड्या पोटाला चिकटली आणि उजाडेपर्यंत त्याने कूस बदलली नाही. उजाडलं तेव्हा तिन्ही पिल्लं जिवंत होती.

राखाडीने जाग आल्यावर ते पाहिलं. तो उठला आणि वाऱ्याच्या तोंडाशी जाऊन पसरला. जेवढा लांब होता तेवढी भिंत झाली. लोंबकान्याला मात्र वेळ लागला, त्याला खोका सुटेना. अखेर तोही आला आणि एक कान पिल्लांवर पांघरून बसला. दुसरा कान तो अजून कोणाला देत नाही. खोक्यात हल्ली कोंबडी बसते. लोकरीवाल्याची लोकर पुन्हा वाढली, तो पूर्वीसारखा गोल झाला. पण त्याच्या घेराची कोणी तारीफ केली, की तो त्या कोपऱ्याकडे बघतो.

तात्पर्य : आपल्या अंगाचं माप ज्याने त्याने हवं तसं काढावं; पण आपल्या आडोशाला कोणाचं किती निभावलं, ते माप दुसऱ्याने काढायचं असतं.

सगुणाआजीने शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"अहो, मग तुमचं मी काढते," ती म्हणाली. "गोष्ट सुरू झाल्यापासून या बाकड्यावर मी अर्धीच टेकले आहे. सरका जरा तिकडे."