राघोजी पाखरे उभा राहतो

करंजवडी नावाच्या गावात राघोजी पाखरे नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सुंभाच्या बाजा-खाटा विणून पोट भरायचा. 'देवानं माझं डोकं केलं, पण आत काही ठेवायला विसरला,' असं तो स्वतःच सगळ्यांना सांगून टाकायचा. लोकांना तेवढीच तसदी कमी.

लोकसभेची निवडणूक लागली. एकोणीस पक्ष रिंगणात उतरले, पण खरी झुंज दोघांतच, बादलीवाले आणि कपबशीवाले. बादलीच्या उमेदवाराचं नावही नेमकं राघोजी पाखरे. पण ते बंगल्यातले, गोरेगोमटे राघोजीराव.

कपबशीचा उमेदवार उत्तमराव ढोले भोळ्या राघोजीकडं धावत आला.

"राघोजी, तूही उभा राहा. नाव एकच आहे. लोक गोंधळतील, बादलीची मतं फुटतील."

"एवढंच ना?" राघोजी हातातला सुंभ टाकून उभा राहिला. उभ्यानंच त्यानं अर्जावर सही केली. उभ्यानंच जेवला. रात्री भिंतीला टेकून घोरला.

तिसऱ्या दिवशी बायको साळू माहेराहून आली. बघते तर नवऱ्याचे पाय भोपळ्यासारखे सुजलेले.

"अहो, निवडणुकीला असं नसतं उभं राहायचं! दारोदार जावं, हात जोडावे, 'मला निवडून द्या' म्हणावं."

"चुकलंच माझं. उद्या नीट करतो."

दुसऱ्या दिवशी राघोजी डाळीचं गाठोडं घेऊन निघाला. दारोदार हात जोडून म्हणाला, "मला निवडून द्या." बाया भल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सगळी डाळ खडा न्‌ खडा काढून निवडून मिळाली.

साळूनं कपाळ बडवलं. "डाळ काय निवडून आणता? मत मागा, मत!"

"चुकलंच माझं. उद्या नीट करतो."

दुसऱ्या दिवशी तो प्रत्येकाला विचारत सुटला, "माझ्याबद्दल तुमचं मत काय?" लोकांनी दिलखुलास मतं दिली. राघोजी खुशीत घरी आला.

"साळू, दीडशे मतं मिळाली! सगळी एकसारखी."

"काय म्हणाले?"

"मूर्ख आहेस म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू, मलाही पटलं."

साळूला हसावं की रडावं कळेना. "आता असं करा, दारी येईल त्याच्याशी तरी अदबीनं वागा. तो सांगेल ते ऐकावं, आणि आपणही तेच त्याला म्हणावं."

तेवढ्यात दारात गाडी थांबली. खुद्द बादलीचे राघोजीराव उतरले. माघार घ्यायला सांगायला आले होते.

"पाखरे, तुम्ही बसा."

राघोजी चटकन बसला. मग हात जोडून म्हणाला, "तुम्हीही बसा."

राघोजीराव लालबुंद झाले. "मी बसू? मी? आता बघतोच, तुम्हाला पाडतो!"

"मीही तुम्हाला पाडतो," राघोजी अदबीनं म्हणाला.

गाडी धुरळा उडवत गेली. उत्तमरावाला हे कळलं, तेव्हा त्यानं राघोजीला मिठीच मारली. "वाघ आहेस! आता मतदानाला फक्त एक कर. यंत्रावर नाव नीट वाच आणि मग बटण दाब."

मतदानाच्या दिवशी राघोजी सगळ्यांच्या आधी रांगेत होता.

मोजणी झाली. मतदारसंघातले लोक काही गोंधळले नाहीत. राघोजीच्या खाट या निशाणीला अख्ख्या मतदारसंघात एकच मत पडलं. बादली निवडून आली. तीही एका मतानं.

उत्तमराव धापा टाकत आला. "राघ्या, एका मतानं गेलो रे! तुला मतं फोडायला उभा केला आणि तुला एकच मत? तेही तुझं स्वतःचं!"

"ते यांचं कुठलं? ते माझं आहे," साळू आतून म्हणाली.

उत्तमराव मटकन खाली बसला. "मग तू कुणाला दिलंस?"

"मलाच," राघोजी म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसं नाव नीट वाचलं. वरच्याच ओळीत होतं, राघोजी पाखरे. फोटोत मी जरा गोरा दिसलो. म्हटलं, निवडणुकीला उभं राहिलं की माणूस उजळत असेल. शेजारी बादलीही काढली होती, म्हणजे आंघोळही झालेली."