विहिरीवरचा कडू भोपळा

सन १९१२, बाजरीच्या काढणीचे दिवस. हंगामाच्या सणाला गावचं पीक चर्चमध्ये वेदीपुढे चाललं. विहिरीवरचा कडू भोपळा वेलीवरच राहिला.

टोपलीतला गोड भोपळा हसला, "तुला तोंडात धरवत नाही, देवापुढे कोण नेणार?"

कडू भोपळ्यानं पाणी शेंदणाऱ्या मार्थाबाईला विचारलं, "बाई, मग देवानं मला घडवलं तरी कशाला?"

"मला काय ठाऊक, बाबा? पण आकाशातला बाप उगाच काही करत नाही. पी." तिनं सुकत्या वेलीला घागरभर पाणी घातलं.

नाताळापर्यंत भोपळा वाळून पोकळ झाला. आता आपण कशाच्या कामाचे, असा त्याला प्रश्न पडे. एका सकाळी मार्थाबाई पाय घसरून विहिरीत पडली. भोपळ्यानं देठ तोडून उडी घेतली. त्याला पोटाशी कवटाळून ती माणसं येईपर्यंत तरंगत राहिली.

घागरीचं ऋण फिटलं.